क्लायंटला 'फोर के, ६० एफपीएस, प्रोरेस' हवंय आणि कार्यक्रम उद्या आहे: आज रात्री काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या रौप्यमहोत्सवासाठी तुम्ही आठ मिनिटांची फिल्म केली आहे. टाइमलाइन १९२० बाय १०८०, २५ फ्रेमची. उद्या संध्याकाळी सात वाजता गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर ती एलईडी वॉलवर दाखवायची आहे. आज रात्री कंपनीच्या एचआर मॅडमचा मेसेज आला की फाइल 'फोर के, ६० एफपीएस, प्रोरेस, एमओव्ही' अशी हवी आणि उद्या सहाच्या आत हवी. फोर के म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलचं चित्र, ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, आणि प्रोरेस म्हणजे एडिटिंगसाठीचा कमी दाबलेला, जड व्हिडिओ प्रकार. तशी सेटिंग लावली तर प्रीमियर हे तुमचं एडिटिंग सॉफ्टवेअर रेंडरला, म्हणजे फाइल तयार व्हायला, अकरा तास दाखवतंय. रात्रभर रेंडर लावून झोपावं का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपसाठी एक आणि रीलसाठी उभी एक फाइल त्यांनी जाता जाता मागितली आहे.

नका लावू. अकरा तास हा सॉफ्टवेअरचा अंदाज आहे. लॅपटॉप तापला की वेग उतरतो, एखाद्या जड शॉटवर ग्राफिक कार्डची मेमरी संपली की पहाटे तीनला एरर येऊन सगळं थांबतं आणि तुम्हाला ते सकाळी उठल्यावर कळतं. समजा सुरळीत संपलंच, तरी हाती येणारी फाइल त्या लॉन्सवर धड चालण्याची शक्यता फार कमी आहे.

का, ते आकड्यांतच बघा. बिटरेटला (सेकंदाला किती मेगाबिट, म्हणजेच एमबीपीएस) सेकंदांनी गुणायचं आणि आठने भागायचं, म्हणजे फाइल किती एमबीची होणार ते कळतं. फोर के, ६० फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यूचा बिटरेट साधारण १७६८ एमबीपीएस. तुमची फिल्म ४८० सेकंदांची, म्हणजे फाइल १०६ जीबीची. बाजारात मिळणारा साधा पेनड्राइव्ह सेकंदाला ३० एमबी लिहितो असं धरलं, तर नुसत्या कॉपीला तास गेला. ती चालवायला सेकंदाला २२१ एमबी अखंड वाचावे लागतात, शिवाय डीकोड करायला तगडं मशीन लागतं. इव्हेंटवाल्याच्या लॅपटॉपवर ती अडखळणार, आणि अडखळली की दोष तुमच्या फिल्मला लागणार.

आता वॉलकडे बघा. भाड्याने मिळणाऱ्या वॉलचं एक कॅबिनेट सहसा अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचं असतं. पिच, म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर, ३.९ मिलिमीटरचा असेल तर त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल बसतात. वीस बाय दहा फुटांची वॉल म्हणजे आडवी बारा आणि उभी सहा कॅबिनेट, एकूण १५३६ बाय ७६८ पिक्सेल. फोर केच्या चित्रात याच्या सातपट पिक्सेल असतात. म्हणजे दर सातांतले सहा पिक्सेल वॉलपर्यंत पोचतच नाहीत. तुमची १०८०ची टाइमलाइनसुद्धा त्या वॉलपेक्षा मोठी आहे. फिल्म मुळात १०८०मध्ये एडिट झाली आहे, त्यामुळे फोर के करताना सॉफ्टवेअर फक्त ताणून देणार. नवीन तपशील कुठून येणार?

साठ फ्रेमची गोष्ट तर चित्र बिघडवणारी आहे. पंचवीसचे साठ करायचे म्हणजे प्रत्येक फ्रेम सरासरी २.४ वेळा दाखवायची. तसं होत नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा येतात. ड्रोन कारखान्यावरून सरळ फिरतो तेव्हा हे धक्के लगेच दिसतात. ऑप्टिकल फ्लो लावून मधल्या फ्रेम बनवल्या तर मशीनच्या फिरत्या भागांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, आणि तुमच्या अकरा तासांतला बराच वेळ बहुधा तिथेच जातोय. २५ची फिल्म २५चीच ठेवा. वॉलवर ती गुळगुळीत दिसावी असं वाटत असेल तर ऑपरेटरला त्याच्या लॅपटॉपचं एचडीएमआय आउटपुट ६०ऐवजी ५० हर्ट्झवर ठेवायला सांगा, म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येईल. वॉलच्या प्रोसेसरला (लॅपटॉपचं चित्र वॉलवर बसवणारा डबा) ते चालतं का, हे मात्र दुपारी लावून बघायला सांगा. ऐन कार्यक्रमात सेटिंग बदलायला लावू नका.

याचा अर्थ एचआर मॅडम चुकीच्या आहेत असा नाही. त्यांनी कुणाला तरी विचारलं असेल, 'सगळ्यात चांगली क्वालिटी कोणती?' आणि उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवलं असेल. त्यांना खरं म्हणायचंय ते एवढंच, की साहेब, त्यांचं कुटुंब आणि बाहेरचे पाहुणे समोर बसलेले असताना फिल्म खराब दिसू नये. त्या काळजीला उत्तर द्या. फाइलचा प्रकार मात्र ती जिथे चालणार त्या यंत्रावरून ठरतो, आणि त्या यंत्राची माहिती लॉन्सवरच्या एलईडी ऑपरेटरला असते. त्याचा नंबर मॅडमकडून आजच मागून घ्या. फोन सकाळी करा.

आज रात्री ते काम करा जे ऑपरेटरच्या उत्तरावर अवलंबून नाही. म्हणजे मास्टर, पूर्ण क्वालिटीची मूळ फाइल. टाइमलाइन आहे तशी, १०८०, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू. विंडोजवरच्या प्रीमियरमधून २०१८च्या अखेरीपासून प्रोरेस निघतो. तुमची आवृत्ती जुनी असेल तर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स हा प्रोरेससारखाच दुसरा प्रकार घ्या, कामाला तेवढाच चांगला. हिचा बिटरेट १८४ एमबीपीएस, फाइल ११ जीबीची. मागणीतला प्रोरेस आणि एमओव्ही दोन्ही यात आले, हेही लक्षात घ्या. उद्या जी काही आवृत्ती लागेल ती या एका फाइलमधून काही मिनिटांत निघेल, कारण ग्रेड (रंगांची दुरुस्ती), नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं), टायटल हे सगळं जड काम तिच्यात एकदाच होऊन गेलेलं असेल. दर आवृत्तीला टाइमलाइनपासून पुन्हा रेंडर करणं हे घाईच्या दिवसाचं सगळ्यात महाग काम आहे.

मास्टरलाही दोन-तीन तास दाखवत असेल, तर कोण अडवतंय ते शोधा. कारखान्याच्या आतल्या कमी उजेडातल्या शॉट्सवर नॉइज रिडक्शन लावलं असेल, जवळजवळ नेहमी तेच असतं. तेवढे शॉट आधी 'रेंडर अँड रिप्लेस' करून घ्या, म्हणजे त्यांच्या तयार फाइल टाइमलाइनवर त्यांच्याच जागी बसतील. त्यातला एखादा क्रॅश झाला तर कोणता ते लगेच कळतं आणि बाकीचं वाया जात नाही. रेंडर आतल्या एसएसडीवर करा, केबलने लोंबणाऱ्या हार्डडिस्कवर नको. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि विंडोजचं स्लीप बंद करा. बॅटरीवर ग्राफिक कार्ड हात आखडतं. मोबाइलवर शूट केलेले बाइट (माणसांच्या बोलण्याचे तुकडे) असतील तर एक वेगळी तपासणी हवी. मोबाइल फ्रेमरेट कमी-जास्त करत शूट करतो, त्यामुळे मोठ्या बाइटच्या शेवटी ओठ आणि आवाज सुटे होतात. तसं दिसलं तर ती क्लिप हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमची करून परत लावा.

मास्टर झाली की झोपण्याआधी ती एकदा पूर्ण बघा. आठच मिनिटं आहेत. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नाही, व्हीएलसीमध्ये, पूर्ण स्क्रीनवर, कानाला हेडफोन लावून. दोन शॉट्सच्या मध्ये एखादी काळी फ्रेम राहिली आहे का, नॉइज रिडक्शनच्या शॉटवर चौकोन पडलेत का, 'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी कुठे चमकते का, हे बघा. आणि नावं. देवनागरी टायटलमध्ये जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, वेलांटी सुटी पडते. विशेषतः प्रोजेक्ट एका मशीनवरून दुसऱ्यावर नेला आणि तिथे फॉन्ट नसला की. 'त्र्यंबक' किंवा 'ज्ञानेश्वर' अशा नावांवर थांबून बघा. २५ वर्षं कंपनीत घालवलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरच्यांसमोर चुकीचं आलं, तर बाकीच्या क्वालिटीचं कुणाला काही वाटत नाही. चूक सापडली तर पूर्ण फिल्म पुन्हा रेंडर करू नका. मास्टर नव्या टाइमलाइनवर घ्या, दुरुस्त केलेला तेवढाच तुकडा वरच्या ट्रॅकवर ठेवा आणि तिथून नवी मास्टर काढा. प्रोरेसची पिढी एकदोनदा वाढली तर डोळ्याला फरक दिसत नाही.

सकाळी ऑपरेटरला फोन करून विचारा: वॉल किती बाय किती पिक्सेलची? तुम्ही कशातून चालवणार? आवाज कुठून घेणार? 'फुल एचडी आहे दादा, काहीही चालतं' असं उत्तर येईल. त्यावर समाधान मानू नका, आकडा मागा. वॉल १५३६ बाय ७६८ असेल तर ती दोनास एक या प्रमाणात आहे आणि तुमची फिल्म सोळास नऊ. रुंदी भरून लावली तर १०८० ओळींपैकी वरच्या ६० आणि खालच्या ६० कापल्या जातात. तुमची नाव-हुद्द्याची पट्टी अगदी तळाला असेल तर तिचा घास जातो. उंची धरून लावली तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्यातलं काय करायचं ते तुम्ही सांगा, त्याच्यावर सोडू नका. नावं कापली जाणार असतील तर पट्ट्या परवडल्या.

तो व्हीएलसी किंवा व्हीमिक्स अशा सॉफ्टवेअरमधून चालवणार असेल तर एच २६४ (नेहमीचा दाबलेला व्हिडिओ), एमपी४, १०८०, २५ फ्रेम, प्रोग्रेसिव्ह (एका वेळी पूर्ण फ्रेम), ३० एमबीपीएस, आवाज एएसी ३२० केबीपीएस आणि ४८ किलोहर्ट्झ. ही फाइल १.८ जीबीची होते. हार्डवेअर एन्कोडिंग, म्हणजे ग्राफिक कार्डाकडून फाइल बनवून घेणं, खुशाल वापरा. कमी बिटरेटला त्याची क्वालिटी थोडी उतरते, पण ३० एमबीपीएसला वॉलवर कुणी फरक ओळखू शकत नाही. तो रिझोल्यूम हे स्टेजवर व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर वापरत असेल तर फाइल त्याच्या डीएक्सव्ही कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत) बदलून घेईल. त्याला मास्टरच द्या आणि तासभर आधी द्या. सुरुवातीला आणि शेवटी तीन-तीन सेकंद काळं ठेवा, नाहीतर फिल्म संपताच वॉलवर त्याचा डेस्कटॉप दिसतो.

एमओव्ही आणि एमपी४बद्दल घोळ होतो म्हणून सांगतो. ही दोन्ही फक्त वेष्टनं आहेत. आत चित्र कोणत्या कोडेकने दाबलंय हा वेगळा प्रश्न. एमओव्हीमध्ये प्रोरेसही असतो आणि एच २६४ही. कुणी 'एमओव्हीच पाहिजे' म्हणून अडून बसलं आणि आत एच २६४ चालणार असेल, तर पुन्हा एन्कोड न करता वेष्टन बदलता येतं. शटर एन्कोडरमध्ये तो पर्याय 'रीरॅप' नावाने आहे आणि काही सेकंदांत काम होतं. फाइलच्या नावातलं शेपूट हाताने बदलणं म्हणजे फॉरमॅट बदलणं नव्हे. कुणी पाठवलेल्या फाइलमध्ये नक्की काय आहे ते मीडियाइन्फो सांगतं, फुकट आहे, मशीनवर असू द्या.

ऑपरेटरशी बोललात की लगेच मॅडमना लिहून कळवा. फोनवर नको, मेसेज करा. असा काहीतरी: 'मॅडम, लॉन्सचे एलईडी ऑपरेटर यांच्याशी बोललो. त्यांच्या स्क्रीनवर फुल एचडी, २५ एफपीएस, एमपी४ सगळ्यात नीट चालेल, तीच फाइल चार वाजता त्यांच्या लॅपटॉपवर टाकून, चालवून दाखवतो. प्रोरेस एमओव्ही मास्टरही तयार आहे, ती हार्डडिस्कवर देतो. असं करू ना?' यात नकार कुठेच नाही, मागितलेली गोष्टही मिळतेय, आणि 'चालवून दाखवतो' या शब्दाने त्यांचा निम्मा ताण उतरतो. फोर के आणि ६० कसे निरर्थक आहेत यावर त्यांना व्याख्यान देऊ नका. त्यांना उद्या शंभर कामं आहेत.

मात्र काही ठिकाणी मागणी अक्षरशः पाळायची असते. टीव्ही चॅनलने तांत्रिक पत्रक पाठवलं असेल, ५० आय (अर्ध्या-अर्ध्या ओळींची चित्रं, सेकंदाला ५०), एमएक्सएफ प्रकारची फाइल, आवाजाची पातळी उणे २३ एलयूएफएस (आवाज मोजायचं एकक), तर तिथे तुमचं मत चालत नाही. फाइल आपोआप तपासली जाते आणि परत येते. थिएटरमध्ये मध्यंतराची जाहिरात असेल तर डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीचा फाइलींचा संच) लागतं आणि तिथे सहसा २४ फ्रेम. २५ची जाहिरात नुसती हळू करून २४ केली तर ३० सेकंदांची सव्वाएकतीस सेकंदांची होते, आणि जागा ३० सेकंदांचीच विकत घेतलेली असते. आपल्याकडचे द्राक्ष निर्यातदार फेब्रुवारीत बर्लिनच्या फळांच्या प्रदर्शनाला जातात. त्यांच्या स्टॉलवरच्या टीव्हीत पेनड्राइव्ह लावून फिल्म दिवसभर फिरत राहते. तो टीव्ही प्रोरेस ओळखतच नाही. तिथे एच २६४ची एमपी४च हवी, आणि पेनड्राइव्ह जुन्या फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आत. म्हणजे पुन्हा तेच: कुठे चालणार, हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका.

आवाजाचं एक राहिलं. लॉन्सवर आवाज बहुतेक वेळा लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून मिक्सरला जातो आणि तिथे डावा-उजवा एकत्र होतो. म्हणून मास्टर एकदा मोनो करून ऐका. निवेदन अचानक पातळ किंवा गायब झालं तर दोन्ही बाजूंची फेज उलटी आहे. ते आज रात्रीच दुरुस्त करा, लॉन्सवर ते कुणालाच सापडणार नाही. उघड्या मैदानात संगीत निवेदनाला खाऊन टाकतं, हेही ध्यानात ठेवून संगीत घरी वाटतं त्यापेक्षा थोडं खाली घ्या.

फाइल पाठवू नका, घेऊन जा. घरच्या नेटचा अपलोड २० एमबीपीएस धरला तर १.८ जीबीला बारा मिनिटं लागतात, पण ती लॉन्सवर मोबाइल नेटने उतरवून घेताना ऑपरेटरची काय अवस्था होते ते मी पाहिलंय. कुणीतरी घाईत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली व्हिडिओची दाबलेली प्रत लावून टाकतो आणि पंचवीस वर्षांच्या कंपनीची फिल्म वॉलवर धुरकट दिसते. दोन पेनड्राइव्ह घ्या, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले, दोन्हींवर एमपी४ आणि मास्टर. कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' करूनच काढा, आणि परत लावून पेनड्राइव्हवरून फाइल शेवटपर्यंत चालते का बघा. त्र्यंबक रोडला शिफ्ट सुटायच्या वेळी अडकायला होतं, म्हणून साडेतीनला घर सोडा.

लॉन्सवर फाइल ऑपरेटरच्या लॅपटॉपमध्ये कॉपी करून घ्या. पेनड्राइव्हवरून थेट चालवू देऊ नका. मग वॉलवर पूर्ण आठ मिनिटं, आवाजासकट. 'सुरू झाली, चालतेय' एवढ्यावर तो थांबवू बघेल, त्याला नम्रपणे सांगा की शेवटपर्यंत बघायचंय. काळे भाग राखाडी दिसत असतील किंवा गोऱ्या चेहऱ्यावरचा तपशील उडाला असेल तर फाइल परत एक्स्पोर्ट करायला धावू नका. आधी त्याच्या ग्राफिक कार्डाची आउटपुट रेंज (काळ्या-पांढऱ्याची मर्यादा) फुल-लिमिटेडमध्ये जुळत नाही का ते बघायला सांगा, आणि वॉलचा ब्राइटनेस उतरवून बघा. अंधार पडल्यावर उन्हातल्या ब्राइटनेसवर चालणारी वॉल डोळ्यांत खुपते आणि तुमची ग्रेड धुऊन टाकते.

व्हॉट्सअ‍ॅपची फाइल मास्टरमधून काढा: ७२० उंची, बिटरेट एक एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे साठ-पासष्ट एमबीत बसते, डॉक्युमेंट म्हणून पाठवली की पुन्हा दाबली जात नाही. ती कार्यक्रमानंतरच द्या, आधी दिली तर साहेबांनी फिल्म सकाळीच फोनवर पाहिलेली असते. उभी रील हे वेगळं एडिट आहे. आठ मिनिटांतून चाळीस-पन्नास सेकंद निवडायचे, प्रत्येक शॉट १०८० बाय १९२०मध्ये नव्याने बसवायचा, टायटल पुन्हा करायचे. त्याला परवाची तारीख द्या, वेगळे पैसे सांगा, आणि ते उद्याच्या मेसेजमध्ये नको, कार्यक्रम झाल्यावर कळवा.